मेपलखालचा पिवळा गुन्हेगार

"बाबा, इथे तू दरवर्षी गवत पेरतोस आणि दरवर्षी ते मरतं. मग जे आपणहून उगवतं, तेच का उपटतोस?"

मित्रांनो, सिग्नेला तिच्या मैत्रिणींनी डिवचलं होतं, "हिंमत असेल तर विचार!" सप्टेंबरची संध्याकाळ होती, मागच्या अंगणात कणसं भाजली जात होती. आणि तिनं विचारलं ते माझ्याबद्दल. मी मेपलच्या झाडाच्या दाट सावलीत वाढणारा एक जुना गोल्डनरॉड, पिवळ्या फुलांचं रानटी रोप. विस्कॉन्सिनच्या या मातीत मी हे घर बांधण्याआधीपासून आहे. माझी काडी नागमोडी, पानं रुंद. बाकीच्यांचा फुलोरा आटोपला की माझे पिवळे तुरे उमलतात. भुंग्यांच्या राण्या हिवाळ्याआधीचं शेवटचं जेवण माझ्याकडे जेवतात आणि जमिनीत झोपायला जातात. एवढं करून मला काय मिळालं? तण ही पदवी!

मैत्रिणी खिदळल्या. सिग्नेच्या बाबांचे, रोल्फचे, कान लाल झाले.

"कारण त्याच्यामुळेच मला शिंका येतात, शहाणे!" ते म्हणाले आणि शिंकले.

"अरे बाबा, त्याचे पराग जड, चिकट. ते मधमाश्यांच्या पायांना चिकटून जातात, तुझ्या नाकात कशाला येतील? गॅरेजमागचं रॅगवीड बघ. फुलं दिसतही नाहीत, पण पराग सगळे वाऱ्यावर!"

"आली मोठी डॉक्टरीणबाई!"

पोरींसमोर झालेलं हसं रोल्फना पचलं नाही. त्यांनी भर फुलोऱ्यात मला ओढून काढलं. रॅगवीड तिकडे मजेत डोलत राहिलं. नजरेत न भरण्याचे किती फायदे असतात बघा!

बोटभर मूळ तुटून मातीत राहिलं, म्हणून मी हे सांगतोय. सकाळी राण्या आल्या, उघड्या मातीवर घिरट्या घालून उपाशीच गेल्या. स्वयंपाकघरात रोल्फ शिंकतच होते. माझी माफी मात्र कुणी मागितली नाही.

मित्रांनो, माझी कीव नको. कुणाला उपटण्याआधी त्याच्या दारी कोण जेवायला येतं, तेवढं पाहत जा.

त्याच सकाळी सिग्नेनं मातीत चाचपडून ते मूळ शोधलं आणि नीट पुरलं. पुढे मी फुलेनही, पण उपाशी गेलेल्या राण्यांना त्याचं काय? तेवढ्यात आईबाबा दारात आले. चिखलाचे हात तसेच कमरेवर ठेवून ती म्हणाली,

"ऐका दोघं. ही जागा आजपासून माझी. इथे मी याचंच रान माजवणार. जो उपटेल, त्याची माझ्याशी गाठ आहे. आणि हो बाबा, तुझीसुद्धा!"