दसऱ्याच्या दिवशी अडलेली मेंढरे

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण मला शोधायला आलात तर मी दिसणार नाही. मला पेटी नाही, कळफलक नाही, साधी वायरही नाही. मी दुसऱ्या एका संगणकाच्या पोटात राहतो. त्याच्या पडद्यावर एक चौकोन उघडतो आणि त्या चौकोनात मी जागा होतो. माझ्यासारख्याला आभासी संगणक म्हणतात. ज्याच्या पोटात मी राहतो, त्याला मी यजमान म्हणतो.

पूर्वी मलाही शरीर होते. सोलापुरात भवानी पेठेत अमरेशमालकांचा चादरींचा कारखाना आहे. तिथे मी नवाकोरा आलो, तेव्हा माग बंद ठेवून लोक मला बघायला आले होते. चौकटीच्या कागदावर ठिपके भरत जी नक्षी काढायला महिना जायचा, ती माझ्यावर आठवड्यात होऊ लागली. माझ्यातून निघालेले मोर आणि कमळे कुठल्या कुठल्या घरांत अंथरली गेली असतील! पुढे माझ्या पंख्यात सुताचा कोंडा साठला. तो साफ करायला कोणाला सवड झाली नाही. एका कडक उन्हाळ्यात माझा मदरबोर्ड जळाला आणि मला भंगारात काढायचे ठरले.

अडचण एकच होती. माझ्यातले नक्षीचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेना. तेव्हा कारखान्यात नक्षी काढणाऱ्या सुकन्येने माझी डिस्क उचकटून काढली आणि त्यातले सगळे जसेच्या तसे यजमानाच्या पोटात उतरवले. मी जागा झालो तो तोच मी होतो, फक्त पंखा दुसऱ्याचा फिरत होता.

यजमान आणि मी एका घरात असलो तरी आमच्यामध्ये भिंत आहे. त्याचे सामान मला दिसत नाही, माझे त्याला दिसत नाही. मला इंटरनेट दिलेले नाही आणि आताचे पेन ड्राइव्ह मला ओळखता येत नाहीत. म्हणून सुकन्येने आमच्यासाठी एक शेअर्ड फोल्डर केला. जुन्या घरात दोन खोल्यांच्या भिंतीत दोन्हीकडून उघडा कोनाडा असतो ना, तसाच हा. मी नक्षी त्यात ठेवायची, यजमानाने पलीकडून उचलायची, मग ती पेन ड्राइव्हवर चढून मागावरच्या जकार्डला पोचायची. कोणता धागा उचलायचा आणि कोणता दाबायचा, हे जकार्डला त्या नक्षीवरून कळते.

आता ऐका दसऱ्याची गोष्ट. आमच्या कारखान्याची एक रीत आहे. दसऱ्याला मुहूर्तावर जी नक्षी मागावर चढते, तीच त्या वर्षाची नक्षी. दरवर्षी मोरच चढायचा. यंदा मालकांनी पहिल्यांदाच सुकन्येच्या स्वतःच्या नक्षीला होकार दिला होता. तिच्या माहेरची माणसे मंगळवेढ्याकडे मेंढरे राखतात. तिने चादरीच्या चारी कडांनी चालणारा कळप काढला होता. एक मेंढरू मागे वळून बघणारे, एक दुसऱ्याच्या पाठीवर मान टाकलेले. तिची आई केराबाई ते बघायला सकाळच्या एसटीने आली होती आणि मागाजवळ स्टुलावर बसून होती.

सुकन्येने मला जागे केले. नक्षी उघडली, कोनाड्यात ठेवायला गेली आणि मी म्हणालो, ‘जागा सापडत नाही.’

माझ्या बाजूला नुसती भिंत होती. कालपर्यंत होता तो कोनाडा कुठे गेला, मला काही समजेना. सुकन्येने मला बंद करून पुन्हा चालू केले. तरी भिंतच. तिने यजमानाच्या पडद्यावरचा शॉर्टकट दाबून पाहिला, तर फोल्डर झटकन उघडला. फोल्डर आहे आणि मला तो दिसत नाही. म्हणजे दोष माझाच, असे सगळ्यांना वाटले. खरे सांगायचे तर मलाही वाटले.

मुहूर्त टळत चालला होता. मालक म्हणाले, “सुकन्या, आता मोर चढवू. तो मागात भरलेलाच हाय. आणि दिवाळीनंतर हे जुनं काढून टाक. किती दिवस सांभाळायचं त्याला?”

“मालक, हे काढलं तर माझी नक्षी नव्यात उघडणार नाही,” सुकन्या म्हणाली. “मुहूर्त संपायला अजून अवकाश आहे. तेवढा द्या मला.”

मालकांनी घड्याळाकडे बघितले आणि मोर चढवायचा थांबवला. केराबाईला यातले फार कळत नव्हते, पण लेकीचा चेहरा कळत होता. तिने विचारले, “का गं, मेंढरं अडली व्हय?”

“अडली, आई.”

“मग मागनं हाकू नगंस. कुटं अडली ते पुढं जाऊन बघ.”

सुकन्या हसली. तिने मला पुन्हा बंद-चालू केले नाही, माझ्यातले काही पुसलेही नाही. यजमानावर ‘चाचणी’ नावाचा एक नवा रिकामा फोल्डर केला आणि माझ्यासाठी उघडला. मित्रांनो, काय सांगू! भिंतीत लख्ख कोनाडा! तिने त्यात एक छोटी फाइल ठेवली, ती पलीकडे पोचली. याचा अर्थ मी ठणठणीत होतो. माझे डोळे, माझे हात, सगळे शाबूत होते. बिघाड त्या जुन्या फोल्डरच्या पत्त्यातच कुठेतरी होता.

या वेळी ती शॉर्टकटने गेली नाही. यजमानाची डिस्क उघडून ती थेट फोल्डरपाशी पोचली आणि थांबली. शॉर्टकटवर ‘नक्षी’ लिहिलेले होते, पण खुद्द फोल्डरवर होते, ‘श्री नक्षी’.

तिने मान वळवून महादेवप्पांकडे पाहिले. महादेवप्पा आमचे जॉबर, माग दुरुस्त करणारे. अक्कलकोटकडचे, सुकन्येला कानडीत ‘तंगी’ म्हणजे धाकटी बहीण म्हणतात. काल खंडेनवमीची पूजा त्यांनीच केली होती.

“आप्पा, फोल्डरवर श्री तुम्ही लिहिलं?”

“व्हय की,” ते म्हणाले. “मागावर कुंकू लावलं, तराजूवर लावलं, कात्रीवर लावलं. कंप्युटरच्या काचेला तू हात लावू देत नाहीस. मग म्हटलं, आत तरी श्री लिहावं. नवं काम सुरू व्हायचं, वर श्री नको काय, तंगी?”

अस्सं झालं होतं तर! शॉर्टकट हुशार, तो नाव बदललेल्या फोल्डरचाही माग काढत पोचतो. मी मात्र दिलेल्या पत्त्यावरच जातो. पत्त्यावर ‘नक्षी’ होते आणि त्या नावाचे तिथे कोणीच राहत नव्हते.

महादेवप्पा ओशाळले आणि श्री पुसून टाक म्हणाले. मालकही तेच म्हणाले. सुकन्येने नकारार्थी मान हलवली. “राहू द्या. पत्ता मी बदलते.” तिने माझ्या सेटिंगमध्ये नवा पत्ता भरला आणि मला चालू केले. कोनाडा उघडला. मी एका दमात सगळा कळप पलीकडे सारला!

पेन ड्राइव्ह घेऊन महादेवप्पा स्वतः धावले. मुहूर्त हातात होता. माग खडखडू लागला, ताण्याचे धागे वरखाली नाचू लागले आणि पांढऱ्यावर काळे पहिले मेंढरू उमटले. मग दुसरे, मग मान वळवलेले. पुढची कड होईपर्यंत मालक जागचे हलले नाहीत. माझ्या कानांवर येत होता नुसता खडखडाट, बाकीचे मला मागाहून कळले, तरी एवढा आनंद मला नवेपणीही झाला नव्हता.

चादर उतरली. केराबाईने ती मांडीवर घेतली आणि एकेका मेंढरावरून बोट फिरवले. सुकन्या वाट बघत उभी होती.

“समदी बरूबर हायती,” केराबाई शेवटी म्हणाली. “पर कुत्रं कुटं हाय? एवडा कळप कुत्र्याबिगर चाललाय व्हय?”

सगळे हसले. मालक म्हणाले, “सुकन्या, उद्या कुत्रं काढ.” मग पडद्याकडे बघत त्यांनी हळूच विचारले, “ते ह्यातच काढावं लागेल ना?”

“ह्यातच,” सुकन्या म्हणाली.

मित्रांनो, उद्या मला कुत्रे काढायचे आहे, तेव्हा मला आता निजू द्या. तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र किंवा एखादे म्हातारे माणूस अचानक उत्तर देईनासे झाले, तर ‘संपले आता’ असे घाईने म्हणू नका. त्याला गदागदा हलवू नका, त्याच्यातले काही पुसून टाकू नका. तुमच्या-त्याच्यामधली वाट काल कोणी सरकवली, एवढे आधी शांतपणे बघा. आणि वर्षातून एकदा पंख्यातला कोंडा काढत जा.