नऊ खड्यांची अंगठी आणि सॉसेजचा मधुमेह

शनिवार म्हणजे थायलंडमधल्या चांथाबुरीच्या रत्नबाजाराचा ऐन धंद्याचा दिवस. पण त्या शनिवारी सगळे दलाल खडे विकायचे सोडून एका दुकानापुढे रांगेत उभे होते. आत आचान थेवा बसला होता. आचान म्हणजे गुरुजी. हा गुरुजी नखशिखांत पांढऱ्या रेशमात होता. त्याच्यापुढे चांदीच्या तबकात एक जुनी सोन्याची अंगठी ठेवलेली. तिच्यात हिरा, माणिक, पाचू असे नऊ जातींचे नऊ खडे, आणि शेवटचा घुमटाकार लसण्या, म्हणजे मांजरीच्या डोळ्यासारखा खडा.

"अंगात रोग असेल तर लसण्या काळा," आचान सांगे. "माझा मंत्र लागला की निळा. निळा झाला की औषधं नदीत सोडा, मासे तरी सुधारतील."

रोग्याने आधी मोगऱ्याच्या पाण्यात हात बुडवायचे, मग अंगठी घालायची. खडा काळाकुट्ट. मग आल्याच्या काढ्याचा पेला दोन्ही हातांत धरून मंत्र ऐकत बसायचं. खडा हिरवा व्हायचा, मग निळा. लोक जमिनीला डोकं टेकवायचे. एकाने तर आपली बंद पडलेली मोटारसायकलही आणली होती, पण तिला बोट नव्हतं म्हणून परत पाठवली.

अरुणीचं डोकं फिरायची वेळ आली होती. तिचे वडील विचित मधुमेही. गेल्या महिन्यात ते 'निळे' झाले आणि त्यांनी इन्सुलिन बंद केलं. पायाच्या करंगळीला जखम होती, आता तिला वास मारत होता. डॉक्टरांनी अरुणीला स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर पाय कापावा लागेल.

"बाबा, हात जोडते, इंजेक्शन घ्या."

"पोरी, तू शाळेत विज्ञान शिकव. खडे मी आयुष्यभर पारखलेत. भिंग लावून बघितलीय अंगठी. सोनं जुनं, घडण अस्सल, माणिक तर असं की बघत राहावं. मग आचान खोटा कसा असेल?"

इथेच सगळा बाजार गंडला होता. सख्ख्या भावाकडून खडा घेताना तासभर निरखणारी ही माणसं. त्यांनी अंगठी तपासली आणि पास मात्र आचानला केलं.

त्या शनिवारी विचित पुन्हा दाखवायला निघाले, तेव्हा अरुणीही बरोबर गेली. वडिलांनी हात बुडवले तशी तिनेही पाण्यात बोटं घातली आणि झटकन काढली.

"पाण्यात बर्फ कशाला?"

"स्वर्गातल्या सरोवराची शीतलता आहे ती, बाई," आचान म्हणाला.

विचितनी अंगठी घातली, खडा काळा झाला आणि पुढ्यात वाफाळता काढा आला.

"आणि काढा गरम कशाला?" अरुणीने विचारलं.

"गार काढा कोण पितं?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि रांग हसली.

अरुणीला शाळेतली ताप बघायची पट्टी आठवली. ती कपाळाला लावली की उष्णतेप्रमाणे रंग बदलायची. हेच रंग, ह्याच क्रमाने. दाराशी मालई मावशीची भाजक्या सॉसेजची गाडी होती. अरुणीने विस्तवापासून दूर ठेवलेला एक कोमट सॉसेज उचलला, वडिलांच्या बोटातली अंगठी काढली आणि सॉसेजला घातली.

सगळे बघत राहिले. लसण्या आधी हिरवा झाला, मग सुंदर निळा.

"घ्या," अरुणी म्हणाली. "हे डुक्कर मरून दोन दिवस झाले, पण तब्येत ठणठणीत आहे."

मग तिने सॉसेज बर्फाच्या पाण्यात बुडवला. खडा काळा पडला.

"आता ह्याला मधुमेह झाला."

"माझ्या मालात साखर नसते हं," मालई मावशी फणकारली.

आचान चाचरला. "डुकरालाही आत्मा असतो. पूर्वजन्मी तो माझा भक्त होता."

मागे दोघंजण लगेच विचारू लागले की या डुकराकडून लॉटरीचा नंबर मिळेल का.

विचितनी मात्र सॉसेजवरची अंगठी काढून घेतली. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि पहिल्यांदाच फक्त तो नववा खडा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"काच," ते म्हणाले. "खाली काहीतरी लेप दिलाय. मूळचा लसण्या पडला असणार, त्या जागी हे बसवलंय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आठ खरे होते गं. म्हणून नववा बघितलाच नाही."

"लेप उष्णतेने रंग बदलतो, बाबा. हात गार केला की काळा, ऊब दिली की निळा. रोगाचा काही संबंधच नाही."

लोक पुढे सरकले, तसा आचान मागच्या दाराने पसार झाला. रेशमी धोतर कडीत अडकलं, ते तिथंच राहिलं.

विचितना त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. पाय वाचला, करंगळी गेली. महिना फुकट गेला नसता तर तीही वाचली असती, आणि हे विचितनाही कळत होतं. आचानजवळ आठ खडे खरे होते, वेश होता, गर्दी होती. फक्त 'हे कशानं होतं?' हा प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. तुम्ही तो विचारा. ज्याचं काम खरं आहे तो रागावत नाही, सांगत बसतो.

दवाखान्यातल्या पहिल्याच संध्याकाळी डॉक्टर इन्सुलिनची सुई घेऊन आले. विचितनी हात मागे घेतला.

"आधी सांगा, हे आत जाऊन नेमकं काय करतं?"

पुन्हा नकार येणार असं वाटून अरुणी पुढे झाली. पण डॉक्टर स्टूल ओढून बसले आणि रक्तातल्या साखरेपासून सगळं समजावून सांगू लागले. विचितनी मध्येच तीनदा अडवलं, दोन शंका काढल्या. मग त्यांनी स्वतःच बाही वर केली.