उपासाचं तेज

दिंद्रुडचे जमीनदार सुंदरराव यांच्या लघवीला मुंग्या लागू लागल्या, तेव्हा हकिमानं बजावलं होतं, "गोड सोडा, पाणी भरपूर प्या. उपास तर करूच नका, गुर्दे जातील."

सुंदररावांनी नेमका अख्खा श्रावण उपास धरला. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, अन् दिवस मावळला की रताळ्याचा शिरा, केळी, गूळ-शेंगदाणे! त्यांच्या बायकोला, तुळजाबाईला, या भक्तीची शिसारी आली होती. देवाला फसवायला निघालेला माणूस हकिमाला कसला जुमानतोय!

श्रावण सरता सरता त्यांचं तोंड सुजलं, पाय खांबासारखे झाले. दर्शनाला ओटा भरू लागला.

"मालकाच्या तोंडावर लई तेज चढलंय," म्हणत अण्णाराव वाण्यानं दोन्ही हातांनी पाय घट्ट धरले.

"कशाचं तेज? सूज हाय ती! गुर्दे गेलेत ह्यांचे," तुळजाबाई दारातून कडाडली. "पाय बघा की!"

सगळ्यांनी पाहिलं. अण्णारावाची बोटं रुतली होती तिथं खड्डे तसेच राहिले होते.

"बघा, भक्ताच्या बोटांची खूणबी मालक पुसू देत न्हाईत!" मागचा माणूस गहिवरून म्हणाला, अन् त्याच खड्ड्यांत बोटं घालून पाया पडला.