जांभळीखालचा दगड

डोक्यावर मोळी असताना बाईनं मान वळवायची नसते, तरी ललितानं वळवली. जांभळीखाली दगड नव्हता.

गणेशपुरीच्या वरच्या डोंगरातून डांबरी सडकेला उतरणारी ती एकच वाट. अर्ध्या उतारावर जांभळीचं झाड आणि बुंध्याशी ललिताच्या खांद्याएवढा उभा काळा दगड. तो कुणी रोवला हे पाड्यात कुणाला ठाऊक नव्हतं, पण कशासाठी रोवला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भारा जमिनीवर टाकला की तो परत डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं, आणि एकट्या बाईला ते मिळायचं कुठून? म्हणून दगडाला पाठ लावायची, भारा मागं त्याच्या माथ्यावर सरकवायचा, डोक्यावरची कापडाची चुंबळ काढून तिच्यानंच घाम पुसायचा. मान सुटली की पुन्हा भाऱ्याखाली शिरून वाटेला लागायचं.

त्या दिवशी ललिता न थांबता सडकेपर्यंत गेली. तिथं मोळी टाकली तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकत होते आणि मान लाकडासारखी झाली होती. उतरताना भाऱ्याखाली पायानं चाचपत ओलांडलेला उंचवटा म्हणजे दगडच होता, हे तिला रिकाम्या डोक्यानं परत चढताना दिसलं. जांभळीच्या जरा खाली त्याला वाटेवर आडवा पाडला होता आणि त्याचं खालचं टोक मातीचा ढीग करून वर उचललं होतं. सायकलींना उसळी मारायला.

हे काम भिवंडीकडच्या अंजूर गावच्या प्रितेशचं. खाडीकाठच्या शेतांवर बापानं गोदामं बांधली, भाडं घरबसल्या येऊ लागलं, चिखल तुडवायची गरजच उरली नाही. म्हणून की काय, हा पठ्ठ्या दर रविवारी जाड चाकांची सायकल घेऊन दुसऱ्यांच्या डोंगरात चिखल तुडवायला यायचा. सोबत त्याचा दोस्त हितेश आणि ठाण्या-भिवंडीची आणखी चारपाच पोरं. पाड्याच्या वाटेला ती ‘ट्रेल’ म्हणायची. नाव बदललं की मालक बदलतो, अशी त्यांची समजूत असावी.

पुढच्या रविवारी ललितानं त्याला वाटेतच अडवला. डोक्यावर भारा होता. भारेकरी समोर आला की मोकळ्या माणसानं बाजूला व्हायचं, हा डोंगराचा साधा कायदा. प्रितेश मात्र लांबूनच “साइड, साइड” ओरडत आला आणि तिच्या पायाशी येऊन कसाबसा थांबला.

“शेठ, दगड कशाला झोपवलाव?”

“मावशी, डोंगरात दगडांना काय तोटा आहे? दुसरा बघा ना,” तो म्हणाला. “आणि रविवारी सकाळी इथून चालत नका जाऊ. धडक बसली तर बोल आम्हालाच लावाल.”

“वाट आमची हाय.”

“वाट जंगलाची आहे,” प्रितेश म्हणाला आणि सायकल झुडपातून काढून निघून गेला.

पाड्यातल्या गड्यांनी एका संध्याकाळी पहारी लावून दगड उभा केला. रविवारी तो परत आडवा झाला, आणि वर वाटेच्या तोंडाशी एक पाटी लागली: ‘सायकलस्वारांसाठी राखीव. पायी चालणाऱ्यांनी येऊ नये.’ ललिताच्या नवऱ्यानं, जान्यानं, ती पाटी उपटून आणली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं. दार चांगलं झालं. पण प्रितेश पाड्यात येऊन सगळ्यांना चोर म्हणून गेला. दुसऱ्याची वाट गिळणाऱ्यानं पाटीसाठी बोंब मारावी, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

दगड पुन्हा उभा करायचं ललितानं काढलं तेव्हा गडी मागं सरले. आठवडाभर दापोड्याच्या गोदामात माल चढवायचा आणि रविवारी फुकटात धोंडा उचलायचा, तोही दुसऱ्यांनी पाडण्यासाठी?

“जाऊ दे, लले,” जान्या म्हणाला.

“तुजी मान न्हाय दुकत,” ती म्हणाली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आठवड्यातून चार खेपा ती तशीच उतरत होती, आणि प्रत्येक खेपेला जांभळीशी आल्यावर त्या पोराला मनातल्या मनात शिव्या घालत होती. त्याचं वाईट व्हावं असं तिला वाटायचं. उगाच लपवायचं कशाला, रोज वाटायचं.

मग ते झालं. दिवाळीनंतरचा रविवार होता, दहिवरानं दगड निसरडा झाला होता. ललिता भारा घेऊन उतरत असतानाच खालून किंकाळी आली. ती जांभळीपाशी पोचली तेव्हा सायकल झुडपात होती आणि प्रितेश वाटेवर. दगडाखालची माती ढासळून दगड कलंडला होता. प्रितेशचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

पोरांनी त्याला उचलून पाहिलं. चार पावलांत दोघं घसरले आणि प्रितेश गुरासारखा ओरडला, तसा त्यांनी त्याला परत खाली ठेवला. हितेश वर टेकाडावर पळाला, तिथून ॲम्ब्युलन्सला आणि प्रितेशच्या घरी फोन लागला. ॲम्ब्युलन्स सडकेपर्यंतच येणार होती.

“मावशी, काहीतरी करा,” तो परत येऊन ललितापुढं हात जोडून उभा राहिला.

ललितानं भारा धाडकन टाकला आणि पाड्याकडं धावली. त्या घटकेला तिच्या मनात वैर नव्हतं. जान्या आणि दोन गडी बांबू आणि गोधडी घेऊन आले, झोळी बांधली, प्रितेशला तिच्यात सरकवला. त्याचं डोकं लोंबतंय असं दिसल्यावर ललितानं आपली चुंबळ त्याच्या डोक्याखाली सारली. वाकून उठताना तिची मान कटकन वाजली. समोर कलंडलेला दगड होता.

ती झोळीच्या बांबूवर बसली.

“हा दगड उबा करा,” ती पोरांना म्हणाली. “मंग उचलू.”

आधी कुणाला कळेचना. मग हितेश म्हणाला, “मावशी, त्याचा पाय मोडलाय.”

“दिसतंय मना. तुमी पाडलाव, तुमीच उबा करा.”

“पोलिसात देईन तुला,” झोळीतून प्रितेश कण्हत म्हणाला.

“दे. पोलीस बी याच वाटंनं चालत येतील.”

जान्या शरमून गेला. “लले, ऊठ. मानूस हाय तो.”

“मी कुठं म्हनते ढोर हाय?”

ती उठली नाही. प्रितेश दात आवळून रडत होता, आणि तो आवाज तिला नीट ऐकू येत होता. कीव आली असती तर बरं झालं असतं, असं तिचं तिलाच वाटलं. पण आली नाही. पोरांनी शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, शेवटी हातमोजे चढवून पोरं दगडाला भिडली. जान्यानं निमूटपणे त्यांना पहार आणून दिली. दगड दोनदा सुटला, तिसऱ्यांदा जुन्या खड्ड्यात बसला. ललितानं उठून त्याला खांदा लावून पाहिला. हलला नाही.

“चला,” ती म्हणाली, आणि मागच्या गड्याबरोबर तिनंही खांदा दिला.

सडकेवर ॲम्ब्युलन्सच्या मागं मोठी गाडी उभी होती. तीतून प्रितेशची आई, पुतळाबाई, उतरली. हिरवं लुगडं, गळ्यात ठसठशीत सोनं. पोराला पाहून तिनं तोंडावर हात घेतला. पोरांनी त्याला ॲम्ब्युलन्समध्ये चढवेपर्यंत हितेशनं तिला सगळं सांगून टाकलं, आणि बोट ललिताकडं केलं.

पुतळाबाई सरळ तिच्यासमोर आली.

“माजा पोर तलमलत व्हता, आनि तू बांबूवर बसलीस?”

“बसले,” ललिता म्हणाली.

“एका दगडासाटी?”

“जांबळीखालचा दगड. भारा टेकायचा. तुज्या पोरानं दोनदा पाडला.”

आता थोबाडीत बसणार म्हणून ललितानं पाय रोवले. पण पुतळाबाईचा हात उठला तो स्वतःच्याच डोक्याकडं. पदर घसरला होता. टाळूवर केस नसलेला वाटोळा डाग होता. ओझं वाहून पडतो तसा, ललिताच्या डोक्यावर होता तसाच.

“आये, पोलिसांना सांग,” आतून प्रितेश ओरडला.

“गप रं,” पुतळाबाई म्हणाली. ती अजून ललिताकडंच पाहत होती. “डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन येयाची मी तुमच्या पाड्याला. गोदामां व्हयाच्या आदी. हा पोटात व्हता तवा त्या दगडाला टेकून रडलेय मी.” मग आवाज उतरवून म्हणाली, “पोरांना कदी सांगितला न्हाय. लाज वाटायची.”

ॲम्ब्युलन्सच्या दारात प्रितेशचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. पुतळाबाई त्याच्यापाशी गेली, त्याचं डोकं एका हातानं उचललं आणि खालची चुंबळ काढून घेतली. चुंबळ सैल झाली होती. तिनं ती उलगडली, झटकली, आणि न पाहता परत वळायला लागली. बोटं भराभर चालत होती. पीळ घट्ट बसल्यावर टोक आत खोचून तिनं ती ललिताच्या हातात दिली.

“मी तुला माफ केला न्हाय,” ती म्हणाली.

“मी बी न्हाय केला,” ललिता म्हणाली.

पुतळाबाई पोराशेजारी चढून बसली आणि दार बंद झालं. ललिता वाट चढून परत आपल्या भाऱ्यापाशी आली. तो जमिनीवर पडला होता, म्हणून जान्यानं हात लावून तो उचलला. डोक्यावर भारा टेकला तेव्हा तिच्या लक्षात आलं, इतकी घट्ट चुंबळ तिला स्वतःला कधी वळता आली नव्हती.