उजवीकडचा देश

बहरीनमध्ये दहा वर्षं लॉरी चालवून आमचे हे, धर्माजी, त्र्याहत्तर साली गोडदेवला परत आले. येताना एक रेडिओ, दोन ब्लँकेटं आणि एक फुशारकी घेऊन आले. सदुसष्ट साली त्या अख्ख्या देशाने एका दिवसात रस्त्याची बाजू बदलली होती. कालपर्यंत आपल्यासारखी डावीकडून जाणारी माणसं आजपासून उजवीकडून जायला लागली.

"पहिल्या महिन्यात पंजाबी चुकला, मद्राशी चुकला, अरबही चुकले," ते येईल त्याला सांगत. "मी एकदासुद्धा नाही. साहेब म्हणाला, धर्मा, तू मशीन आहेस."

ते मशीन मला घरात दिसायचं. भाईंदरच्या मिठागरावर ट्रकची नोकरी लागल्यापासून रोज सकाळी पाटावर बसून ते परात ट्रकच्या चाकासारखी हातात धरत आणि "डावी, डावी" म्हणत फिरवत. मी बघतेय हे दिसलं की परात आपटत.

"चहा टाक. तोंड काय बघतेस?"

त्याच मिठागरावर मी डोक्यावरून मीठ वाहायची. ट्रकच्या वाटेनेच आम्हा बायकांची रांग चालायची. तेव्हा खाडीवरून वारा आला की ओठांवर मीठ बसायचं आणि आम्ही गाणी म्हणत चालायचो. त्या दिवशी आम्ही रिकाम्या पाट्या घेऊन आगरावरल्या बाबाजीच्या बैलगाडीसोबत परतत होतो. समोरून यांचा ट्रक आला. बाबाजीने गाडी आपल्या डावीकडे घेतली. यांनीही आपल्या डावीकडे घ्यायचं, एवढंच होतं. यांनी चाक गरकन उजवीकडे फिरवलं. ट्रक थेट गाडीवर आला, गाडी उलटली आणि तिच्या कडेने चालणारी बाबाजीची मुलगी सुगंधा खाली सापडली. मी तिच्या मागे चौथी होते. ट्रकच्या काचेतून मला यांचा चेहरा दिसला. आपण बरोबरच वळलो, असा तो चेहरा होता.

आगरावर दारूची चूक एकदा माफ असे. चुकणाऱ्याने सगळ्यांसमोर मूठभर मीठ उचलून 'पुन्हा पिणार नाही' म्हणायचं, घरच्या माणसाने त्या मुठीला हात लावायचा, की विषय संपला. मीठ उचलून शब्द मोडणाऱ्याला मात्र गावात कुणी पाणी विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादमाने बोलावलं. वाटेत हे म्हणाले, "मी प्यालो होतो असं सांगणार आहे. तू गप हात लाव."

"तुम्ही जन्मात थेंब घेतला नाहीत."

"म्हणूनच शपथ मोडणार नाही. दारुड्याला गाडी परत मिळते. हात चुकतो म्हटलं तर कायमची गेली."

"आणि उद्या हात परत तिकडेच गेला तर? रांगेत मी असते."

"मग बाजूला चाल."

मिठाच्या राशीपाशी सगळं आगर जमलं होतं. बाबाजी ओरडला. "पोरीचा पाय सरल व्हनार न्हाय बोलतो डाक्टर. आनि ह्यो मीठ उचलून मोकला!"

तुळशीराम मुकादम म्हणाला, "रीत आहे ती बाबाजी. उचल रे धर्माजी. गोदूबाई, पुढे ये."

यांनी मूठ भरली. मी हात मागे घेतला.

"हे प्याले नव्हते," मी म्हणाले. "यांचा हात उजवीकडे जातो. बहरीनला तसंच चालवतात. घरी रोज परात घेऊन डावी बाजू शिकतात, तरी जातो."

मागून कुणीतरी हसलं. "अख्खा देश उजवीकडं? मग बैल काय आभालातून जातात?"

"म्हंजे शुद्धीत घातलीस माझ्या पोरीवर?" बाबाजी यांच्या अंगावर धावला. दोघांनी त्याला धरलं.

आमच्या रांगेतली सरूबाई माझ्या तोंडासमोर थुंकली. "नवऱ्याची दारू झाकता झाकता आमची लुगडी विरली. ही बघा, न प्यालेलीसुद्धा झाकता आली नाही."

मुकादमाने हात पुढे केला. यांनी मूठ उघडली, मीठ माझ्या पायांवर पडू दिलं आणि ट्रकची किल्ली त्याच्या हातात दिली.

"फावड्यावर ये उद्यापासून," मुकादम म्हणाला. "पाट्या भर."

घरी मी जेवायला वाढलं. यांनी ताट सरकवलं. "आता बायकांच्या पाट्या भरतो. खूश?"

"जिवंत आहेत त्या बायका," मी म्हणाले.

"सगळ्यात आधी तुझीच भरतो."

तसंच केलं. बाकीच्या बायकांना चार फावडी, मला सहा. वरून फावड्याच्या पाठीने दाबून. मीठ ओलं असलं की मान खांद्यात रुतायची. बायका माझ्या पुढे-मागे चालायच्या नाहीत. रांगेत माझ्यापाशी जागा सुटलेली असायची. ट्रकवर आलेला नवा माणूस कुठल्या बाजूने येतो, हे बघायला मान वळत नसे, इतकं ते ओझं होतं.

आठ हंगाम मी ती पाटी वाहिली. 'कमी करा' असं यांना एकदाही म्हटलं नाही, आणि यांनी एक फावडंही कमी केलं नाही.