साडेदहाचं ताट

सून घरात येऊन चार महिने झाले होते आणि कालिंदीच्या डोक्यात एकच राग ठाण मांडून बसला होता. ही पोरगी सातला जेवते! सासरा अजून दुकानात, आणि ही बया ताट वाढून घेऊन बसते. एकटी. वर साडेनऊला दार लावून झोपते, ती अशी की उशाशी हलगी वाजवली तरी हलायची नाही.

भैरवी सकाळच्या शाळेत शिकवायची, पाचला उठायची. कारण चांगलं होतं, पण कालिंदीला कारण नकोच होतं. तिच्या घरात बायका पुरुषांच्या आधी जेवत नसत. नवऱ्याचं, वसंतरावांचं, राजारामपुरीत पंखे-मिक्सरचं दुकान. शटर ओढून, घरी येऊन, आंघोळ करून ते ताटावर बसायचे साडेदहाला. त्यांचं झालं की अकराला कालिंदी. बुधवार-रविवार मटण, तांबड्या रश्श्यावर तेलाचा तवंग. मग रात्रभर छातीत जाळ. पाठीला उशा लावून बसल्या बसल्या रात्र काढायची, पहाटे जरा डोळा लागतोय तोवर दूधवाला दारात. चौतीस वर्षं हेच. डॉक्टरनं दोनदा बजावलं, बीपी चढतंय, झोपायच्या तीन तास आधी जेवत जा. तिनं मान डोलावली आणि गोळ्या तेवढ्या आणल्या. डॉक्टरला काय जातंय सांगायला, त्याला थोडंच ह्या घरात नांदायचंय!

खरं सांगायचं तर तिचा राग सुनेच्या जेवणावर नव्हताच, झोपेवर होता. आपण भिंतीला टेकून घड्याळ बघायचं आणि कालच्या पोरीनं ढाराढूर झोपायचं, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. मुलाला, मोहितला, सांगून बघितलं. तो फोनमधनं मान वर न काढता म्हणाला, तुमचं तुम्ही बघा. मेला नंदीबैल!

त्या बुधवारी तिनं मुद्दाम भाकरी थापल्याच नाहीत. रस्सा सहालाच उकळून तयार होता. भैरवी आली, रिकामी टोपली बघितली आणि मुकाट्यानं पिठाची परात पुढं ओढली. कालिंदीनं ती हिसकावून घेतली.

"ह्या घरात आधी बाप्यामाणसं जेवतात."

"तुम्ही बसा की उपाशी," भैरवी म्हणाली. "रात्रभर जागा. पण तुम्हाला झोप न्हाय म्हणून मलाबी नको, असलं चालायचं न्हाय, आई."

कालिंदीच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीनं नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवलं होतं. आज हिचा निकालच लावायचा म्हणून तिनं पायात चपला अडकवल्या, रिक्षा केली आणि थेट दुकान गाठलं. संध्याकाळी ह्या वेळेला ती दुकानात कधी गेलीच नव्हती, कारण ह्या वेळेला ती चुलीपुढं असायची.

वसंतराव गल्ल्यामागं बसले होते. मांडीवर पेपर, पेपरवर ताटली, ताटलीत कटवडा. एक संपलेला, दुसरा निम्मा. सुनेची तक्रार कालिंदीच्या तोंडातच राहिली. हे काय, तिनं विचारलं. ते म्हणाले, रोजचंच की, सातला गाडीवरनं मागवतो, कधी वडा, कधी मिसळ.

"रोज?"

"मग? साडेदहापर्यंत उपाशी कोण थांबतंय?"

"मी थांबते," कालिंदी म्हणाली. "चौतीस वर्षं."

वसंतरावांनी खरोखरच नवलानं वर बघितलं.

"तुला कुणी थांब म्हणून सांगितलंय?"

सांगितलं कुणीच नव्हतं. सासू थांबायची म्हणून तीही थांबली. पण ह्या बाबानं रोज रात्री तिला पोट दाबून वाढताना बघितलं, रात्री उठून बसलेलं बघितलं, आणि एका शब्दानं म्हणाला नाही की मी खाऊन आलोय, तू जेवून घे. मिक्सर बघायला आलेलं एक जोडपं हळूच पायरी उतरून गेलं. जाऊ दे, तिला कुणाची लाज वाटत नव्हती.

"माझी झोप तुम्ही खाल्लीत," ती म्हणाली आणि निघाली.

घरी भैरवी जेवायला बसली होती. कालिंदीनं ताट घेतलं, रस्सा घेतला आणि तिच्यासमोर बसली. चुकलं म्हणणं तिला जमणार नव्हतं, आणि सुनेनंही ते मागितलं नाही. एकमेकींकडं न बघता दोघी जेवल्या. भाकरी जाड झालीय, एवढं मात्र कालिंदीनं ऐकवलं.

साडेदहाला वसंतरावांची हाक आली तेव्हा ती अंथरुणावर आडवी होती. छातीत जाळ नव्हता. राग होता, आणि तो पोटभर होता. दुसरी हाक आली. झाकणं आपटली, भाकरी कुठं ठेवलीस म्हणून ओरडा झाला. सवयीनं तिचे पाय जमिनीला लागलेसुद्धा. तिनं ते परत वर घेतले, भिंतीकडं तोंड केलं, आणि नवरा भाकरी शोधत असतानाच तिला झोप लागली.