कच्च्या रोडग्याचा आरोप

देवराव एसटीत बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कधी लागली, कधी सुटली, हे टिपायची सवय हाताला अशी जडली की निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, पण वही राहिली. आता तीत माणसं लागत आणि सुटत.

दीड वर्षापासून वहीत एकाच फलाटाची वर्दळ होती. राजापेठेत मोबाइलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये विपुलसरांचा ‘अंतर्ज्योत परिवार’ भरायचा. सर आधी तिथंच फिजिक्सची शिकवणी घेत. पोरं प्रश्न विचारत, म्हणून शिकवणी बसली. परिवारात प्रश्न विचारायची पद्धत नव्हती, म्हणून तो फुगला. दर शनिवारी प्रत्येकानं उभं राहून आपल्या दोषवहीतले दोष वाचायचे. सरांची दोषवही नव्हती. देवरावांनी चौकशी केली, तर लिहायला काही सापडलंच नाही म्हणे.

देवरावांची बायको शालूबाई या परिवारात गळ्यापर्यंत बुडालेली. तिला न्यायला-आणायला म्हणून देवराव जात आणि मागच्या खुर्चीवर बसत. आठ महिन्यांमागं तिची अकोल्याची मोठी बहीण आशाबाई एकदा हॉल पाहायला आली. सर स्वतःच्याच फोटोला हार घालून दोन पावलं मागं सरले, हार तिरपा वाटला म्हणून पुन्हा पुढं झाले. आशाबाईला हसू आवरलं नाही. त्याच संध्याकाळी ती ‘अंधारी व्यक्ती’ ठरली, आणि शालूबाईनं बहिणीचा फोन उचलणं सोडलं.

आता आशाबाईच्या लेकीचं, आचलचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. देवरावांना मूलबाळ नाही. आचल कॉलेजची चार वर्षं त्यांच्याच घरी राहून शिकलेली. तिनं फोनवर निक्षून सांगितलं, “काकाजी, मावशी नाही आली त मी हळद लावू देनार नाही.”

शालूबाईनं सरांना परवानगी विचारली. सर गोड हसले आणि भरल्या हॉलात म्हणाले, “दुसऱ्याच्या लेकरात गुंतणं ही रिकाम्या ओटीची भूक असते, शालूताई. आधी ती मारा.”

शालूबाईनं मान खाली घातली आणि ते वाक्य दोषवहीत उतरवून घेतलं. मागच्या खुर्चीवर देवरावांनी पेनाचं टोपण चावून चपटं केलं.

घरी येऊन त्यांनी आपली वही वेळापत्रकासारखी वाचून काढली. संघपाल बँकेतला, झकास बोलला, टाळ्या थांबेनात; आठव्या दिवशी परिवाराबाहेर. आरतीताईंनी भजन म्हटलं, लोकांनी आणखी एक मागितलं. तिसऱ्या दिवशी बाहेर. ललितच्या तर एक म्हातारी चुकून पाया पडली. तो त्याच संध्याकाळी सुटला. दोषामुळं कोणीच गेलं नव्हतं. जो तो कौतुकानं गेला होता.

पुढच्या रविवारी सरांचा वाढदिवस होता. देवरावांनी हात जोडून सुचवलं की प्रसाद आपल्या वऱ्हाडी रोडग्यांचा असावा, आणि रोडगे शालूनं करावेत. सरांना सेवा करून घ्यायचा कंटाळा नव्हता.

रविवारी सकाळीच लेआउटच्या मोकळ्या जागेत गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर पडला. कणकेचे पदर एकात एक घालून शालूबाईनं रोडगे भाजले, राख झटकून तुपात बुडवले. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. देवराव पंगतीत वाढत होते. त्यांनी लबाडी म्हणावी अशी काहीच केली नाही. फक्त प्रत्येक पानाशी वाकून विचारलं, “कसं झालं जी?”

तोंडात तुपाचा रोडगा असताना वऱ्हाडी माणसाला खोटं बोलता येत नाही. एकानं वाहवा केली, दुसऱ्यानं दुजोरा दिला, आणि कडेला बसलेले म्हातारे पुंजारामजी सहावा रोडगा फोडत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “जनम सार्थकी लागला राजेहो. शालूताईच्या हाताले देवच लागला.”

सरांचं भाषण बाकी होतं. माइक हातात घेऊन ते उभे होते आणि त्यांच्याकडं कोणी पाहत नव्हतं.

“थांबा,” ते म्हणाले. “रोडगे आतून कच्चे आहेत. करणाऱ्याचं मनच कच्चं.”

पन्नास हात पानावर थांबले. पुंजारामजींचा तेवढा थांबला नाही. शालूताईंनी उभं राहून हा दोष कबूल करावा, असा हुकूम झाला.

शालूबाई आरापासून उठून आली, कोपरापर्यंत राखेनं माखलेली. देवरावांनी वाढायचं भांडं खाली ठेवलं. मत्सरी म्हटलं तर कबूल, लोभी म्हटलं तर कबूल, रिकामी म्हटलं तेही तिनं कबूल केलं होतं. आज ‘हो’ म्हणाली, की आचलचं लग्न हुकलंच.

तिनं सरांच्या ताटातला रोडगा उचलला आणि फोडला. वाफ निघाली, पदर सुटे झाले. ती आत पाहत राहिली.

“हा कच्चा आहे?”

सर म्हणाले, सत्य डोळ्यांनी दिसत नसतं.

“माह्या सासूनं माह्या रोडग्याले कधी नाव नाही ठेवलं, सर,” शालूबाई शांतपणे म्हणाली. “आन ते त कशालेई नाव ठेवे.”

तिनं हात धुतले आणि देवरावांना म्हणाली, “चला.” एकवीस दिवस या बाईशी कोणी बोलायचं नाही, ही घोषणा माइकवरून झाली तेव्हा त्यांची स्कूटर कोपऱ्यावरून वळत होती.

हळदीच्या आदल्या दिवशी दोघं अकोल्याच्या गाडीत बसले. मूर्तिजापूर मागं पडलं. मग तिनं विचारलं, “रोडग्याचं तुमीच काढलं होतं ना?”

“हो.”

“कावून?”

देवरावांनी वही तिच्या हातात दिली. बोरगाव मंजूपर्यंत ती वाचत होती. संघपाल, आरतीताई, ललित, सगळे वाचून झाले. मग वही परत देत म्हणाली, तुमचं अक्षर लई खराब आहे. पण खिडकीकडं तोंड करून हसलेली देवरावांनी पाहिली.

आशाबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती. आठ महिन्यांचं बोलणं तोंडात तयार. “आली काय व? सुट्टी देल्ली काय तुह्या देवानं?”

शालूबाई चप्पल काढत म्हणाली, “माहे रोडगे कच्चे म्हने.”

आशाबाईचे हात कमरेवरून खाली आले. “तुहे?”

“हो.”

“कच्चे?”

आठ महिन्यांचं बोलणं तिनं जागीच गिळलं. बहिणीचा दंड धरून तिला आत नेलं, आचलला हाक मारली, आणि ज्याला जिभेची चव नाही तो कोणाचा उद्धार करणार, यावर दोघी एका सुरात सुरू झाल्या. मधूनच आशाबाईनं गोपाल आचाऱ्याला फोन लावून सांगितलं की उद्या हळदीच्या जेवणाला पुऱ्या रद्द. रोडगेच होतील, आमची शालू करेल, आणि सारा अकोला खाऊन सांगेल.

ओसरीवर देवराव वहीत आगमनाची वेळ टिपत होते, तोच आतून हुकूम आला की दोनशे माणसांपुरत्या गोवऱ्या आणा. त्यांनी वही मिटली आणि पिशवी मागितली.

“पिशवीत नाही मावत, भाऊजी,” आशाबाई म्हणाली. “टेम्पो पाहा.”